मोठ्या रंध्याचा शेंदूर

घाटनांदूरच्या लाकूड कारखान्यात मोठ्या रंध्यापाशी एक विधवा बाई कशी काय उभी राहिली, असं अजूनही कुणीकुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या तोंडावर असं काही असतं, की तिला कुणी पाट मांडून, ओवाळून तिथं नेऊन बसवलं होतं. तसलं काही झालं नाही बरं का. तिला तिथून हुसकायला निघाले होते आणि ती हलली नाही. एवढंच झालं. पण ते कसं झालं ते सांगतो.

फसली तेराशे चाळीसच्या आगेमागे, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या सुमाराला. निजामाचं राज्य. परळीच्या बाजूला रेल्वेचा रूळ सरकत चालला होता आणि स्टेशनांना दारं, खिडक्या, गोदामांना फळ्या असं लई लाकूड लागायला लागलं होतं. पंडितरावांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, ते बरोबर हेरलं. हैदराबादेकडचा कुठलासा कारखाना मोडीत निघाला होता, तिथून त्यांनी तेलावरचं एक इंजिन, एक आरा आणि एक मोठा रंधा उचलून आणला. एकट्या रंध्याला आठ बैल लागले. त्याच्या मागून एका छकड्यात पाशा मिस्त्री आले, त्यांची बायको हजराबी आली आणि एक पत्र्याची पेटी आली. मिस्त्रींनी त्या रंध्यावर वीस वर्षं काढली होती. रंधा जाईल तिथं आपण, असं ते सरळ सांगायचे आणि लोक हसायचे.

भिवराबाई त्या कारखान्यात भुसा झाडायला होती. उत्तरेश्वर सुताराची ही बायको. उत्तरेश्वर तापानं गेला तेव्हा ती पस्तिशीला आली होती. पोरबाळ नव्हतं. दिरांनी घरात एक कोपरा दिला, आणि कोपरा दिलाय हे वर्षभर ऐकवलं. उत्तरेश्वराचा हात सुतारकामात साफ, असं सगळं गाव म्हणायचं. त्याच्या हातरंध्याचं पातं रोज सकाळी दगडावर घासून कोण द्यायचं, ते मात्र कुणी म्हणालं नाही. वीस वर्षं ते तिचं काम होतं. अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं की धार आली का नाही हे तिला कळायचं.

एक दिवस भुसा भरताभरता तिनं रंध्यातून निघालेली एक फळी उचलली, तिच्यावरून नख ओढलं, आणि आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली की तीन पात्यांतलं एकच कापतंय, बाकीची दोन नुसती फिरतायत. पाशा मिस्त्री जवळच होते. त्यांनी फळी मागून घेतली, स्वतःचं नख ओढून बघितलं आणि हे तुला कुणी सांगितलं असं विचारलं. फळीनं सांगितलं, ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी तिला शिकवायला घेतलं.

हातरंध्यात लाकूड जागेवर असतं आणि माणूस पातं ढकलतो. मोठ्या रंध्याचं उलटं. तिथं पातं जागेवर राहतं आणि लाकूड चालतं. खाली लोखंडी बैठक, चाक फिरवलं की वरखाली होणारी. जेवढी जाड फळी हवी तेवढी फट ठेवायची. पुढं दातेरी रूळ, तो फळीला धरून आत ओढतो. आणि मधोमध आडवा दांडा, त्याच्या अंगात तीन लांब पाती बसवलेली. इंजिनाचा पट्टा चढला की हा दांडा मिनिटाला हजारो वेळा गरगरतो आणि फळीच्या अंगावरून पापुद्रा काढत जातो. तिन्ही पाती एका उंचीवर असली तर फळी गुळगुळीत निघते. एक जरी केसभर वर राहिलं तर तेच एकटं कापतं आणि फळीवर बारीक लाटा उठतात. पातं बोथट झालं की ते कापत नाही, नुसतं बडवतं, लाकडाचे तंतू उभे राहतात. रुळाला चीक बसला की फळी अडखळते, मग घासलेटाच्या बोळ्यानं रूळ पुसायचा. एवढं मोठं धूड, पण त्याचे लाड तान्ह्या लेकरापेक्षा जास्त.

धार लावली की पात्याचं वजन उतरतं. तिन्हींचं सारखं उतरलं नाही तर दांडा एका अंगाला ओढतो आणि थरथरतो. म्हणून भिवराबाई पाती पदराखाली घेऊन गहिनीनाथ सोनाराकडं जायची. सोनार पहिल्यांदा भडकलाच. सोन्याच्या काट्यावर लोखंड ठेवायचं म्हणजे काय? ती म्हणाली, गुंजेचा फरक असला तरी सांगा, मी तेवढं घासून आणते. पुढं पुढं त्यालाच त्याची गोडी लागली. आठ दिवस झाले की तोच विचारायचा, पाती आणली कावून न्हाईत.

आता मिस्त्रींनी एका भुसा झाडणाऱ्या बाईला हे सगळं कावून शिकवलं, तर त्यालाही कारण होतं, आणि ते त्या दोघांशिवाय फक्त हजराबीला ठाऊक होतं. मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कान अजून पक्के होते. पात्यांखाली शिसवाचा ठोकळा ठेवून दांडा हातानं हळूहळू फिरवायचा, प्रत्येक पातं ठोकळ्याला सारखंच खरडलं पाहिजे. मिस्त्री नुसतं ऐकायचे आणि कुठलं पातं वर राहिलंय ते सांगायचे. पण धारेतली खाच, पट्ट्याचा उसवलेला टाका, तेलाचं भोक, हे त्यांना दिसत नव्हतं. ते ती बघायची, मुकादम मुंजाजी यायच्या आत. तीन वर्षं असं चाललं. तेलपाणी तिचं, धार तिची, नाव पाशा मिस्त्रींचं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, वाटत होतं. पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्या वर्षी खंडेनवमीची पूजा थाटात करायची असं पंडितरावांनी ठरवलं. त्या आडव्या दांड्याची दोन टोकं दोन लोखंडी घरांत फिरतात. प्रत्येक घरावर एक गोल टोपी असते आणि टोपीच्या माथ्यावर तेलाचं भोक. घराच्या आत शिसं-कथलाचा मऊ थर दिलेला असतो, दांडा त्या थरावर तेलात फिरतो. मिस्त्री सांगायचे की हा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेल संपलं तर आधी तो वितळतो आणि दांडा वाचतो. पंडितरावांना कुठलं हे माहीत असायला. त्यांना त्या दोन गोल टोप्यांत देवीचे तांदळे दिसले, शेंदूर फासलेले गोल दगड असतात तसले. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी अंगठ्यानं दोन्हींवर जाड थापला, वर अक्षता चिकटवल्या. नारळ फुटला. कामगार हात जोडून उभे होते, पाशा मिस्त्री अदबीनं मागं उभे होते. भिवराबाई पार दाराबाहेर होती. विधवेनं पूजेत पुढं यायचं नाही, हे तिला सांगायची कुणाला गरज पडली नव्हती.

दसरा सुट्टीत गेला. एकादशीच्या सकाळी ती तेलाची झारी घेऊन रंध्यापाशी आली. डाव्या टोपीवरचा शेंदूर एका अंगाला सरकला होता, भोक उघडं होतं. उजवीकडं भोक दिसतच नव्हतं. शेंदूर वाळून त्याची खपली धरली होती. भोक कुठं आहे ते तिला पाठ होतं. शेजारी खिळ्याला तार लटकत होती. तार घ्यायची, टोचायची, संपलं. तिनं तार हातात घेतलीसुद्धा, आणि हात तिथंच थांबला.

कुणी थांबवलं नव्हतं हो. शेडमध्ये दुसरं माणूस नव्हतं. पण देवीचा शेंदूर, आणि तो उकरायला रंडक्या बाईचा हात. उत्तरेश्वर गेल्यापासून सात वर्षं जे जे कानांवर पडलं होतं, ते सगळं त्या हातात येऊन बसलं. तिनं मनाची समजूत घातली, शेंदूर तेलातच कालवलाय, तेल जाईल पाझरून. रोजच्या दुप्पट तेल तिनं वर ओतलं. ते टोपीवरून ओघळून खाली आलं. तिनं ते बोळ्यानं पुसलं आणि झारी जागेवर ठेवली. एवढीच तिची चूक. एवढी म्हणजे केवढी, ते दुपारी कळलं.

उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास दांड्याचा आवाज बदलला. आधी घोगरा झाला, मग चिरका. पाशा मिस्त्री बाहेर लाकडाच्या थप्पीपाशी होते. ते तिथूनच पट्टा उतरवा म्हणून ओरडले. इंजिनवाल्यानं पट्टा उतरवेपर्यंत उजव्या घरातून धूर निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला आणि वितळलेल्या शिशाचे थेंब खाली भुशात पडले. दांडा एका अंगाला खचला, एक पातं शेजारच्या लोखंडी पट्टीला लागलं आणि त्याचा टवका उडाला. मग शांत झालं. भुसा धुमसत होता, त्यावर तिनंच पाणी मारलं.

पंडितराव धावत आले. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी रेल्वेचा साहेब फळ्या बघायला येणार होता, आणि इथं रंधा मान टाकून पडलेला. मुकादम मुंजाजीला कुणी विचारलं नव्हतं तरी तो बोलला. म्हातारा नमाजाला गेलता, तेल द्यायला विसरला, असं त्यानं ठोकून दिलं. अरे, नमाजाची वेळ तरी झाली होती का! पण मुंजाजीला वेळेशी काय करायचंय. वर आणखी म्हणाला की पूजेला म्हातारा मागं मागं राहिला, मनापासून हात जोडला नाही, ते देवीनं बघितलं. चार माणसांनी माना हलवल्या. एकट्यानं बोललेली गोष्ट माना हलल्या की खरी होते.

पंडितरावांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी टोपीवर हात ठेवला, चटका बसला तरी हात उचलला नाही. मग म्हणाले, "तेल मेरे जिम्मे था, मालक."

भिवराबाई पाण्याची बादली घेऊन पाच हातांवर उभी होती. तिचं तोंड उघडलं नाही. पंडितरावांनी हुकूम सोडला की सकाळी छकडा लावून यांना गावाबाहेर काढा. शिवाय सगळ्यांना कळवतो म्हणाले, आरेवाल्यांना, गिरणीवाल्यांना, की हा माणूस मशीन जाळतो. वीस वर्षांत त्या माणसाच्या हातून एक पातं निसटलं नव्हतं. आता डोळे गेले, गाव जाणार, आणि उरलंसुरलं नावही जाणार होतं.

दिवस मावळायला ती मिस्त्रींच्या घरी गेली. हजराबी बोचकी बांधत होती. भिवराबाईला बघून तिनं तोंड फिरवलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मिस्त्री पेटीवर बसले होते. ते उलट हिलाच समजावायला लागले. तू तेल द्यायला विसरली असशील, माणूस आहे, विसरतं. मी तसाही आंधळा होत चाललोय, मी गेलो तर मशीन तुझ्या हाती राहील, तू बोलू नको. असं बरंच काही ते हळूहळू बोलत राहिले. ती विसरली नव्हती. ते तिला सांगावंच लागलं. उजव्या टोपीचं भोक शेंदरानं बुजलं होतं, ते तिनं बघितलं होतं, तार हातात घेतली होती आणि परत ठेवली होती.

विसरणं मिस्त्रींनी पोटात घातलं होतं, पण हे त्यांना लागलं. त्यांचं तोंड तिला बघवेना.

"मशीनकू देव-धरम नै मालूम, बाई," ते म्हणाले. "उसकू बस तेल मालूम. मैं तुमकू येच एक बात सिखाया था."

ती उठून आली. वाटेत ती रडली, आणि रडता रडता तिला संताप आला. कुणाचा म्हणाल तर आधी मुंजाजीचा, मग पंडितरावांच्या त्या जाड अंगठ्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हाताचा. तो हात पात्याच्या धारेवरून फिरताना कधी कापला नाही, आणि चिमूटभर शेंदराला भ्याला.

द्वादशीच्या सकाळी कारखान्याच्या दारात छकडा उभा होता. पेटी चढली होती, हजराबी बसली होती, मिस्त्री चाकाला धरून उभे होते. तमाशा बघायला निम्मं गाव जमलेलं. पंडितराव शेडमध्ये रंध्यापाशी मुंजाजीशी बोलत होते. हैदराबादेहून नवा मिस्त्री आणायला पंधरा दिवस जातील असा हिशेब चालला होता. भिवराबाई सगळ्यांच्या मधून आत गेली. तिच्या हातात उत्तरेश्वराची पटाशी होती. तिनं पदर खोचला, रंध्याच्या बैठकीवर पाय दिला, वर चढली आणि उजव्या टोपीवरचा शेंदूर खरवडायला लागली.

आधी कुणाला कळलंच नाही ती काय करतेय. लाल खपल्या खाली भुशात पडायला लागल्या तेव्हा मुंजाजी ओरडला, "अगं ए, पाप लागंल. शेंदूर हाय तो."

"लागू द्या," ती म्हणाली. हात थांबला नाही. "काल खरवडला न्हाई म्हणून हे झालं."

टोपी साफ झाली. मग तिनं खिळ्याची तार घेतली आणि भोकात घातली. चार वेळा ढोसल्यावर आतून शेंदराचा एक बोळा निघाला, शेंगदाण्याएवढा, जळून काळा पडलेला. तिनं तो तळहातावर घेतला, खाली उतरली आणि पंडितरावांच्या पुढं हात केला.

"हे तेलाच्या भोकातलं," ती म्हणाली. "शेंदूर तुमी लावला. भोक बुजलेलं मी बघितलं आन् खरवडलं न्हाई, वरून तेल वतलं. मिस्त्रीचा ह्यात काई बी गुन्हा न्हाई. तेल रोज मीच देते."

पंडितरावांचा चेहरा काय झाला असेल तो तुम्हीच बघा. निम्म्या गावासमोर बाईमाणसानं मालकाचा अंगठा धरला होता. त्यांनी बोळ्याकडं बघितलं नाही. तिला मशीनीला हात लावायला कुणी सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं तेही सांगितलं. तीन वर्षं धार तिची, तोल तिचा, तेल तिचं. ज्या फळ्या बघून रेल्वेच्या साहेबानं मागच्या खेपेला मान डोलावली त्या तिच्या पात्यांनी निघालेल्या. बाहेर कुणीतरी हसलं. मग पंडितराव चिडले, आणि मिस्त्रीबरोबर हिलाही बाहेर काढा म्हणाले.

भिवराबाई मागं वळली आणि रंध्याच्या बैठकीवर, जिथून फळी आत जाते तिथं, मांडी घालून बसली.

"रंधा चालू झाल्याबिगर मी इथून हलत न्हाई," ती म्हणाली. "काढायचं तर उचलून काढा. बघू कोण हात लावतंय."

पंडितरावांनी मुंजाजीकडं बघितलं. मुंजाजीनं दोन गड्यांकडं बघितलं. गडी आपल्या पायांकडं बघायला लागले. पांढऱ्या कपाळाच्या बाईला, तीही आत्ताच देवीचा शेंदूर उकरून बसलेली, गावादेखत हात कोण लावणार? सात वर्षं जी गोष्ट तिला दाराबाहेर ठेवत आली होती, तीच आज तिच्या बाजूनं पहाऱ्याला उभी राहिली. तिला ते कळलं आणि ती आणखी सावरून बसली.

पंडितराव ओरडले, बाहेर गेले, परत आले. पंधरा दिवस त्यांच्याकडं नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आता सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. तेवढ्यात पाशा मिस्त्रींनी छकड्यावरची पेटी स्वतःच खाली ओढली. हजराबीनं एक बाजू धरली. पेटी फरफटत आत आणून त्यांनी उघडली आणि आतून शिसं ओतायचा लांब दांड्याचा लोखंडी पळा काढून रंध्यापाशी ठेवला. मालकाकडं त्यांनी बघितलंही नाही. दिसलं तरी नसतंच म्हणा.

"पुनवेपर्यंत बघतो," पंडितराव म्हणाले. "न्हाई चाललं तर दोघं बी चालते व्हा."

मग जे काम झालं ते सगळ्यांना बघायला मिळालं, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. टोपी काढून तिनं घर उघडलं, जळका थर खरवडून काढला. दांडा लाकडी पाचरांवर तोलून अगदी मधोमध धरला. रॉकेलच्या चिमणीवर दांड्याचा तेवढा भाग काजळून काळा केला, म्हणजे नवा थर दांड्याला चिकटत नाही. फटी बुजवायला चिकणमाती लागते, आणि मिस्त्रींनी तिला दहादा बजावलं की माती वाळली पाहिजे. ओलीवर वितळलेलं शिसं पडलं तर ते उडतं आणि माणसाचं तोंड जाळतं. तिनं ती माती निखारे लावून दिवसभर वाळवली. नखानं टोचून बघितली, जिभेनं चाखून बघितली. मुंजाजी लांबून सांगत होता की बास झालं आता. तिनं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही.

त्रयोदशीला ओतायचं ठरलं. शिसं-कथील भट्टीवर वितळलं. किती तापलं ते बघायला मिस्त्रींनी तिला त्यात लाकडाची काडी बुडवायला सांगितली. काडी पेटली तर जास्त, पांढरी राहिली तर कमी, तपकिरी झाली की बरोबर. काडी तपकिरी झाली. आता एका दमात ओतायचं, मधे थांबलं तर थर दुभंगतो. पळा जड होता. शेडमधली माणसं भिंतीला सरकली. मिस्त्री तिच्या खांद्यापाशी उभे राहिले आणि ती ओतत असताना सारखं एकच म्हणत राहिले, रुकना नै, रुकना नै. ती थांबली नाही. एक थेंब उडून मनगटावर बसला, तरी थांबली नाही. त्याचा डाग पुढं जन्मभर राहिला आणि कुणी विचारलं की ती तो मुद्दाम दाखवायची.

नंतरचं काम चिकाटीचं होतं. थर घासायचा, दांडा ठेवून फिरवायचा, काजळी कुठं लागली ते बघायचं, तेवढंच खरवडायचं, पुन्हा ठेवायचा. दीड दिवस तेच. तेल पसरायला आत एक चर कोरला. टवका उडालेलं पातं घासून उतरवलं, त्याच्या मापानं बाकीची दोन घासली. गहिनीनाथ सोनार तर काटा घेऊन स्वतःच शेडमध्ये आला. तिन्ही पाती सारखी भरली तेव्हा तो असा फुगला की पाती त्यानंच घडवली असावीत.

पुनवेच्या सकाळी तिनं दोन्ही भोकांत तेल घातलं. ते आत जाताना बघितलं, मिस्त्रींचं बोट धरून भोकावर ठेवलं, त्यांनीही ते चाचपलं. पट्टा चढला. दांडा फिरायला लागला. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. घटकाभरानं ते म्हणाले, "हौ. अच्छा गाती."

तिनं टोपीवर हात ठेवला. कोमट होती, तेवढी असतेच. मग सागाची एक लांब फळी तिनं रुळाला लावली आणि रुळानं ती ओढून घेतली. दुसऱ्या टोकाला पंडितराव जाऊन उभे राहिले होते. फळी त्यांच्या हातात आली. त्यांनी तिच्यावरून नख ओढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटं. फळी त्यांनी थप्पीवर ठेवली आणि मुंजाजीला म्हणाले, तो छकडा कावून उभा हाय अजून, सोड त्याला. बाकी काही बोलले नाहीत. चूक झाली असं तर मुळीच म्हणाले नाहीत. मालकलोकांना ते जमत नाही.

साहेब आला, फळ्या घेऊन गेला. पाशा मिस्त्री राहिले. पुढं डोळे पुरते गेल्यावरही रोज सकाळी रंध्यापाशी येऊन बसायचे आणि नुसते ऐकायचे. मुंजाजी काही दिवस लोकांना सांगत होता की आता देवीचा कोप होईल, बघाच. लोकांनी बघितलं. पट्टा दोनदा तुटला, तो जुना होता.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमी आली. झेंडूच्या माळा लागल्या, नारळ आला, शेंदराची वाटी आली. कामगार रंध्याभोवती गोळा झाले. भिवराबाई दाराबाहेर गेली नाही. ती रंध्याच्या उजव्या अंगाला, टोपीपाशी उभी राहिली, हातात तेलाची झारी घेऊन. कुणीतरी घसा खाकरला. पंडितरावांनी शेंदरात अंगठा बुडवला आणि टोपीकडं नेला, आणि अंगठा तिथंच अधांतरी राहिला. त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"कुठं लावू, भिवराबाई?" त्यांनी विचारलं. आतापर्यंत ते तिला भिवरे म्हणायचे.

तिनं बोट केलं. वर नाही, खाली. रंध्याचे चार लोखंडी पाय जमिनीत पुरलेले होते, त्यातल्या पुढच्या पायाकडं. तिथं ना तेल लागत होतं, ना काही फिरत होतं. पंडितरावांनी धोतर सावरलं, गुडघे टेकले आणि तिनं दाखवलं होतं तिथं शेंदूर लावला.